पेन खोक्यात शोभत नाही, साहेब

६ जानेवारीला पत्रकार दिन असतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक निघाला, म्हणून. त्या दिवशी उल्हासनगर ते बदलापूर पट्ट्यात आम्हा बोरूबहाद्दरांना काय मिळतं, हे न विचारता सांगता येतं. शाल, श्रीफळ, डायरी आणि मखमली खोक्यात एक पेन. अलीकडे त्या खोक्यावर सोनेरी अक्षरांत 'व्हिंटेज' नाहीतर 'क्लासिक' असं छापलेलं असतं.

पेन उघडून बघा. जड पितळ, वर सोनेरी मुलामा, आत बॉलपेनची रिफिल. दोन पावसाळ्यांत मुलामा उडतो. रिफिल संपली की त्या मापाची दुसरी मिळत नाही. मग ते पेन शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी जाऊन बसतं. हे म्हणे क्लासिक!

आणि देणाऱ्यांतले काही तर असे हुशार, की पेन हातात ठेवतानाच पुढचे ३६४ दिवस त्या पेननं काय लिहायचं नाही, तेही नजरेनंच सांगून टाकतात. असो. त्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

आज लिहायचं कारण दुसरं आहे. मध्यंतरी आपल्याच भागातल्या एका ग्रुपवर कुणीतरी आजोबांच्या जुन्या शाईच्या पेनचा फोटो टाकला. काळं, जाडसर, निब थोडी एका बाजूला झिजलेली. विचारणा साधी होती, हे पेन चांगलं आहे का, दुरुस्त कुठे होईल? खाली पहिलीच कमेंट, "भाऊ, ओरिजिनल आहे का आपल्या उल्हासनगरचं?" त्यावर हसण्याच्या इमोजींचा पाऊस. मग दुसरे सरसावले. कंपनी कुठली? निब सोन्याची आहे का? विकलं तर किती येतील? पन्नासेक कमेंट झाल्या, पण एकानंही विचारलं नाही की ते पेन लिहितं कसं.

माझं भांडण या चार प्रश्नांशी आहे. किती जुनं, सोनं आहे का, कंपनी कुठली, किंमत किती. या चारांपैकी एकाही उत्तरानं पेन सुंदर ठरत नाही, क्लासिक तर नाहीच नाही.

आधी वय घेऊ. अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलाहार राजा मम्वाणीच्या काळाचा शिलालेख तिथे आहे. आपण अभिमानानं सांगतो, साडेनऊशे वर्षं जुनं मंदिर! पण मंडळी, वालधुनीच्या पात्रातला कुठलाही धोंडा त्या मंदिरापेक्षा जुना आहे. त्याचे फोटो काढायला कुणी पुण्याहून येत नाही. मंदिर बघायला लोक येतात, कारण ज्या कोपऱ्याकडे सहज नजर जाणार नाही तिथेही घडवणाऱ्यानं हात आखडता घेतलेला नाही. वय त्या कामाला मिळालेलं आहे, नुसत्या दगडाला नाही.

हीच कसोटी पेनला लावा. पेन उलटं करा. चकचकीत निब सगळेच बघतात, तुम्ही तिच्या खालची काळी जीभ बघा. निबला मधोमध केसाएवढी चीर असते. तिच्यातून शाई उतरते ती कुणी ढकलत नाही. दिव्याच्या वातीत तेल चढतं, त्याच नियमानं ती बारीक फटीतून सरकते. पण जेवढी शाई बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. नाहीतर उपडी धरलेल्या बाटलीसारखं होणार, आधी अडणार आणि मग भसकन येणार. हा हवा-शाईचा हिशेब ती जीभ सांभाळते. १८८४ साली न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमननं पेटंट घेतलं ते याच जिभेतल्या बारीक खाचांच्या जोरावर. जिच्याकडे कुणी बघत नाही त्या जिभेवर सगळं पेन उभं आहे. तिथे कारागिरानं चोरी केली असेल तर वर सोन्याचं पान चढवून उपयोग नाही.

आता सोनं. आपल्याकडे निबवर '१४ के' दिसलं की आवाज खाली येतो. तर ऐका. सोनं मऊ असतं, कागदावर घासलं तर झिजेल. म्हणून निबच्या टोकावर एका कठीण धातूचा बारीक दाणा बसवतात, लोक त्याला सरसकट इरिडियम म्हणतात. कागदाला टेकतो तो हा दाणा. स्टीलच्या चांगल्या निबलाही तो असतोच. सोन्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. शाईनं ते गंजत नाही, आणि निब नीट घडवली असेल तर दाबल्यावर किंचित लवते. पण अक्षर गुळगुळीत उमटतं ते त्या दाण्याच्या घासणीमुळे आणि चीर सरळ असल्यामुळे. दाणा वाकडा बसला असेल तर सोन्याची निबही कागद ओरबाडते. आणि शिक्क्यांचं म्हणाल तर 'इरिडियम पॉइंट जर्मनी' असं कोरलेल्या कितीतरी निबांनी जर्मनी पाहिलेलीसुद्धा नसते.

तिसरा प्रश्न कंपनीचा. इथे आपलं उल्हासनगर येतं, म्हणून जरा थांबून बोलतो.

पार्कर ५१ हे पेन १९४१ मध्ये अमेरिकेत बाजारात आलं. निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, टोक तेवढं बाहेर. दिसायला छान म्हणून नव्हे, तर लवकर वाळणारी शाई टोकावरच सुकून बसू नये म्हणून. अडचण सोडवता सोडवता घाट सुंदर झाला. पार्कर ५१ क्लासिक आहे ते यासाठी, क्लिपवरच्या बाणासाठी नाही. पुढे चीननं तोच घाट उचलला आणि हिरो पेन आलं. परदेशी मालावर बंधनं होती त्या काळात अस्सल पार्कर आपल्याकडे कुणाच्या तरी गल्फमधल्या मामाच्या खिशातच दिसायचं. हिरो मात्र घराघरांत पोचलं. नंतर त्या हिरोचीही नक्कल निघाली. म्हणजे नकलेची नक्कल!

आता मला सांगा, एखाद्या मास्तरांनी एकाच हिरोनं वीस वर्षं वह्या तपासल्या असतील, तर ते पेन 'चायना' म्हणून कचऱ्यात टाकायचं? आणि ज्या अस्सल पार्करनं दुबईहून आल्यापासून एक ओळ लिहिली नाही, त्याला हार घालायचा?

खोटा शिक्का मारून खऱ्याचे पैसे घेणं ही फसवणूकच आहे. तिची बाजू मी घेणार नाही, उल्हासनगरात झाली तरी नाही. पण 'उल्हासनगरचा माल' म्हणून हसणाऱ्यांना या शहराचा जन्म माहीत असावा. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं इथल्या लष्करी बराकींत, कल्याण कॅम्पात उतरवली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि कॅम्पाचं उल्हासनगर झालं. घर, दुकान, जमीन सगळं पलीकडे राहिलेली ही माणसं नुकसानीचे क्लेम मांडत होती. त्या काळी सरकारी कागद शाईनंच लिहिले जायचे. ज्या निबनं एखाद्या बापानं सक्करमधल्या आपल्या गेलेल्या घराच्या खोल्या मोजून लिहिल्या असतील, ती निब कुठल्या कंपनीची होती, याची चौकशी कुणी करणार आहे का?

पुढे याच माणसांनी मिळेल त्या सामानातून वस्तू बनवल्या आणि विकल्या. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, ही थट्टा तेव्हापासून चालत आलेली आहे. आपणही ती करतो, मीही शाळेत ऐकतच मोठा झालो. पण वस्तू उघडून, तिचे भाग बघून, तशीच पुन्हा बनवता येणं ही अक्कल आहे. ती खोट्या शिक्क्यासाठी वापरली गेली हे वाईट, पण अक्कल खोटी नव्हती.

राहिला चौथा प्रश्न, किमतीचा. त्यासाठी एकाच माणसाच्या नावाची दोन पेनं सांगतो.

पहिलं १९३५ चं. आंध्रातल्या राजमहेंद्रीचे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेन घडवलं आणि ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे धाडलं. गांधीजी तेव्हा आपल्या वर्ध्यात होते. जुलैमध्ये त्यांनी वर्ध्याहून रत्नमना पत्र लिहिलं. पेन वापरून पाहिलं, बाजारात दिसणाऱ्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, अशा अर्थाचं. लक्षात घ्या, आधी वापरलं आणि मग शिफारस केली. काटकसरीनं, एकाच वाक्यात.

दुसरं २००९ चं. मॉन्ट ब्लँक या परदेशी कंपनीनं गांधीजींच्या नावानं पेन काढलं. दांडीयात्रा २४१ मैलांची, म्हणून पेनही २४१. निबवर काठी घेऊन चालणारे गांधीजी कोरलेले. एकाची किंमत अकरा लाखांच्या वर. केरळच्या उच्च न्यायालयात याचिका झाली, बोभाटा झाला आणि २०१० मध्ये कंपनीला भारतातली विक्री थांबवावी लागली.

कारागिरी दुसऱ्या पेनातही असणार, मी ती नाकारत नाही. पण अकरा लाखांचं पेन घेऊन कुणी वाण्याची यादी लिहीत नाही. ते तिजोरीत जाण्यासाठीच जन्माला आलं. रत्नमचं पेन टेबलावर जाण्यासाठी आलं होतं. यातलं क्लासिक कुठलं, हे ज्याला कळत नसेल त्यानं खुशाल मखमली खोकी गोळा करावीत.

हवं तर आणखी जवळचं उदाहरण घ्या. आपल्या तिन्ही शहरांत बाबासाहेबांचे पुतळे आहेत. कोटाच्या खिशाला पेन लावलेलं असतं. त्या पेनची कंपनी कुठली, असं आजवर कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. विचारायची गरजच पडत नाही. त्या पेननं काय लिहिलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर हारफुलांऐवजी 'एक वही, एक पेन' आणा, असं आवाहन दरवर्षी होतं. हे आवाहन करणाऱ्यांना पेनचं सौंदर्य कुठल्याही कलेक्टरपेक्षा जास्त कळलेलं आहे, असं माझं ठाम मत आहे.

मग जुन्या पेनात सुंदर काय असतं? मी तीन गोष्टी बघतो. ते उघडतं का, पुन्हा भरता येतं का, आणि कुणाच्या तरी हातानं झिजलेलं आहे का.

ग्रुपवरच्या फोटोतलं ते काळं पेन बहुतेक एबोनाइटचं असावं. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की ते लाकडासारखं टणक होतं, तेच एबोनाइट. अंगठ्यानं जोरात घासा, रबराचा उग्र वास येईल. ऊन आणि पाणी लागून काळ्याचं तपकिरी होतं. विकणारे तो रंग पॉलिश करून घालवतात आणि 'मिंट कंडिशन' म्हणून जाहिरात करतात. म्हणजे आजोबांच्या हाताचा घाम पुसून टाकायचा आणि उरलेल्याला व्हिंटेज म्हणायचं! निबचा दाणाही वापरणाऱ्याच्या हाताच्या कलानं थोडा थोडा झिजतो. म्हणून जुन्या माणसांना आपलं पेन दुसऱ्याला द्यायला जिवावर यायचं. त्याला आपण कंजूषपणा म्हणायचो. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या हातात गेलं की पेनचं वळण बिघडायचं.

आणि असं पेन बनवायला लागतं काय? एबोनाइटचा दांडा लेथवर लावायचा, आत भोक पाडायचं, आटे पाडायचे, टोपण वळवायचं, जीभ आणि निब बसवायची. आत नळी नाही, पंप नाही, ड्रॉपरनं थेट पोटात शाई. राजमहेंद्रीत, हैदराबादेत, चेन्नईत ही कामं अजून चालतात. आपल्या मुंबईतही एअरमेल कंपनीची ड्रॉपरची पेनं निघत आली आहेत. शाईचं तर विचारूच नका. १९३१ साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईची पूड आणि वड्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत आयटीआय झालेले शेकडो टर्नर रोज लेथवर उभे असतात. सुताचा फरक पडला तर माल परत येतो, अशी कामं करतात. ज्या हातांना हे जमतं त्यांना पेनचं टोपण वळवणं अवघड नाही. पण आपण काय करतो? कुठल्या तरी घाऊक बाजारातून पत्र्याची पेनं आणून त्यावर नेत्याचं नाव कोरून घेतो.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्याच्या ठिकाणावरून पडलं, असं सांगतात. घोडा दमला की घोडा बदलायचा आणि प्रवास पुढे चालू ठेवायचा. शाईच्या पेनचं तेच आहे. निब गेली निब बदला, जीभ गेली जीभ बदला, लिहिणं थांबत नाही. पूर्वी स्टेशनबाहेर छत्र्या, कुलपं आणि पेनं दुरुस्त करणारी माणसं काचेची पेटी घेऊन बसायची. आता पेन बिघडलं की पेनच बदलायचं. एक भाग खराब झाला म्हणून अख्खी वस्तू फेकायची सवय आपल्याला इतकी लागली आहे की रस्त्यावर खड्डा पडला तरी आपल्याला नवीन टेंडर सुचतं, डागडुजी सुचत नाही.

आता काही जण म्हणतील, मोबाईलच्या जमान्यात पेनचं पुराण कशाला? हो, ही पोस्टही मी मोबाईलवरच टाइप केली आहे. बातम्याही तशाच पाठवतो. सगळ्यांनी सगळं शाईनं लिहा, असं माझं म्हणणंच नाही. अंबरनाथ लोकलच्या गर्दीत ड्रॉपरचं पेन खिशाला लावून जाणाऱ्याच्या शर्टावर काय नकाशा उमटतो, तेही मला माहीत आहे. शाई कमी उरली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि पेन ओकतं, हा त्याचा दोषच आहे. माझं म्हणणं इतकंच, की जे उघडत नाही, भरत नाही, लिहीत नाही, त्याला क्लासिक म्हणू नका. शोभेची वस्तू म्हणा, हरकत नाही.

दुसरे म्हणतील, आमचे पैसे, आम्ही लाखाचं घेऊ. जरूर घ्या. पण घेतलंत तर लिहा. नळ येत नाही म्हणून पालिकेला अर्ज त्याच पेननं लिहा. मग त्या लाखाच्या पेनला अर्थ येईल. आणि पालिकेतल्या साहेबांनीही त्यांच्या भारी पेननं फाईलवर 'चर्चा करावी' एवढाच शेरा मारून फाईल परत पाठवू नये. पेन भारी असून काय उपयोग, शेरा हलका असेल तर!

म्हणून तीन विनंत्या.

पहिली, सत्कार करणाऱ्यांना. पुढच्या वर्षी आम्हाला खोकी देऊ नका. त्याच पैशात पालिकेच्या शाळेतल्या एका वर्गाला शाईची पेनं आणि शाईच्या बाटल्या घेऊन द्या. आम्हा पत्रकारांना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिलीत तरी सत्कार पोचला.

दुसरी, एमआयडीसीतल्या छोट्या कारखानदारांना. फावल्या वेळात एक पेन वळवून बघा. त्यावर खोटं परदेशी नाव घालू नका. सरळ 'उल्हासनगर', 'अंबरनाथ' किंवा 'बदलापूर' असं कोरा. निब बाहेरून आणली असेल तर तेही सांगा. पहिलं पेन मी रोख पैसे देऊन विकत घेईन, फुकट नको.

तिसरी, घरात आजोबांचं किंवा आजीचं पेन पडलेलं असेल त्यांना. ते विकायची घाई करू नका. गरम पाण्यात टाकू नका, स्पिरिट लावू नका, एबोनाइट आणि सेल्युलॉइड दोन्ही खराब होतात. पॉलिश तर मुळीच नको. निबकडचा भाग साध्या थंड पाण्यात थोडा वेळ धरा, पाणी निळं झालं की बदला, स्वच्छ होईपर्यंत. आटे अडले असतील तर जोर करू नका. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई भरू नका, ती आत सुकून चीर बुजवते. पेनची साधी शाई भरा. पहिली ओळ बहुतेक उमटणार नाही, दुसरी अडखळेल. धीर धरा, पेन बरीच वर्षं गप्प होतं.

आपल्या तिन्ही शहरांत शाईचं पेन दुरुस्त करून देणारं कुणी अजून शिल्लक असेल, तर कुठल्या बाजारात ते कमेंटमध्ये लिहा. त्या ग्रुपवरच्या माणसाला अजून उत्तर मिळालेलं नाही.